खुर्चीवर बसून योगासने : वर्गातल्या आणि घरातल्या प्रत्येकासाठी



संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन झाला. तेव्हापासून या दिवशी शाळेच्या मैदानावर सतरंज्या पसरल्या जातात, मुले ओळीने बसतात. पण एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. ज्या मुलाला जमिनीवर बसता येत नाही, ते मूल त्या दिवशी कुठे असते? बहुतेक वेळा ते कडेला बसून बघत असते, किंवा इतरांची दप्तरे सांभाळत असते. घरीही तेच. गुडघे दुखतात म्हणून आजी म्हणते, "आता माझं काय योगाचं वय राहिलं?"

दोघांनाही आपण एकच उत्तर देऊ शकतो, आणि ते म्हणजे खुर्ची.

हा खरा योग आहे का?

हा प्रश्न हमखास येतो. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाची ओळख स्थिर आणि सुखकर बैठक अशी करून दिली आहे. ती जमिनीवरच हवी अशी अट तिथे नाही. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार (१९१८-२०१४) यांनी तर खुर्ची, पट्टे, ठोकळे, दोर अशा साध्या साधनांचा आधार घेऊन असंख्य लोकांना आसने शिकवली. शरीराला आसनात कोंबायचे नाही, तर आसन शरीरापर्यंत आणायचे, हा विचार आपल्याला इथे उपयोगी पडतो.

आसन बदलायचे कसे?

प्रत्येक आसनाला एकच प्रश्न विचारा : हे आसन नेमके काय करते? कणा ताणते, पाठ वाकवते, धड पिळते, की छाती उघडते? ते काम कायम ठेवायचे आणि फक्त बैठक बदलायची. हे सूत्र समजले की पुढची आसने तुम्ही स्वतःच बसवू शकाल.

आधी खुर्ची तपासा

- खुर्ची चार पायांची, न डुगडुगणारी हवी. चाकांची ऑफिसची खुर्ची नको. प्लास्टिकची खुर्ची गुळगुळीत फरशीवर सरकते, म्हणून तिची पाठ भिंतीला टेकवा.
- दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. लहान मुलांचे पाय लोंबकळतात. तेव्हा पायांखाली पाट किंवा वीट ठेवा.
- व्हीलचेअर असेल तर दोन्ही ब्रेक लावा. तोल जाणाऱ्या मुलाचा पट्टा सोडू नका.
- जेवणानंतर किमान दोन-तीन तास जाऊ द्या.

आसने

१. ताडासन : खुर्चीच्या पुढच्या भागात बसा. पाठ टेकवू नका. श्वास घेत दोन्ही हात वर न्या, कणा लांब करा. खांदे कानांपाशी चढू देऊ नका. तीन-चार श्वास थांबा. एकच हात वर जात असेल तर एकच न्या, कणा तरीही ताणला जातो. तोल राहत नसेल तर पाठ टेकवूनच करा.

२. मार्जारासन : जमिनीवर हे चार पायांच्या मांजरासारखे करतो. इथे तळहात गुडघ्यांवर ठेवा. श्वास घेताना छाती पुढे आणा, श्वास सोडताना पाठ गोल करा. पाच-सहा वेळा, सावकाश. तासन्‌तास वह्या तपासणाऱ्या शिक्षकांनी हे रोज करावे, बरं का!

३. भरद्वाजासन : खुर्चीची पाठ तुमच्या उजव्या हाताला येईल असे आडवे बसा. दोन्ही हातांनी ती पाठ धरा. श्वास घेत ताठ व्हा, श्वास सोडत उजवीकडे वळा. गुडघे एका रेषेत राहू द्या. एक पुढे सरकला की पीळ कमरेतून निसटतो. मग दुसरी बाजू. व्हीलचेअरवर आडवे बसता येत नाही. तिथे डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेर आणि उजवा हात खुर्चीच्या हातावर ठेवून तेवढेच वळा.

४. पुढे वाकणे : समोर बाक किंवा टेबल ठेवा. त्यावर हातांची घडी घालून कपाळ टेकवा. पश्चिमोत्तानासनातला निवांतपणा इथे मिळतो आणि डोके खाली लोंबत नाही.

५. पायांसाठी : एक पाय सरळ करा, पंजा स्वतःकडे ओढा, सोडा. मग घोटा दोन्ही दिशांनी फिरवा. पाय स्वतःहून हलत नसेल तर ओढाताण करू नका. मूल नुसते त्या पायाकडे लक्ष नेईल, तेही चालेल.

६. शेवट : भ्रामरी तीन-चार वेळा करा. मग पाठ टेकवून, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून दोन मिनिटे शांत बसा. हेच आपले खुर्चीतले शवासन.

सगळे मिळून १२ ते १५ मिनिटे पुरतात.

इथे सावध राहा

- हाडे ठिसूळ असतील तर खोल पुढे वाकणे आणि जोराचा पीळ टाळा.
- काचबिंदू असेल तर डोके खाली नेऊ नका.
- रक्तदाब जास्त असेल तर हात फार वेळ वर धरू नका, श्वास कोंडू नका. उठताना सावकाश उठा.
- डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मानेचे व्यायाम देऊ नका.
- सेरेब्रल पाल्सीमध्ये बहुतेकदा स्नायू ताठर असतात. झटका देऊन ताणले की ते आणखी आखडतात. मुलाच्या फिजिओथेरपिस्टशी आधी बोला.
- ज्यांच्या पायांना संवेदना नाही, त्यांना घासलेले, दबलेले कळत नाही. ते आपण बघायचे.
- सांधेरोपण किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांची परवानगी आधी.

दुखणे आणि ताण यांतला फरक मुलांना शिकवा. ताण सहन होतो आणि आसन सोडल्यावर ओसरतो. टोचणारी कळ आली, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली की लगेच थांबायचे.

वर्गात घेताना

सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. एकट्या मुलाला खुर्ची देऊन कडेला बसवले, तर ते पुन्हा वेगळेच पडते. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस अख्ख्या वर्गाने बाकांवर बसूनच योग करावा. वर्गात बाक नसतील तर मिळतील तेवढ्या खुर्च्या ओळीच्या मधोमध ठेवा आणि मुलांना पाळीपाळीने बसवा. शिक्षकांनी स्वतः खुर्चीवर बसून आसन दाखवावे. शिक्षक जे करतात ते मुलांना कमीपणाचे वाटत नाही.

सूचनाही बदलून बघा. "उभे राहा, पाय जुळवा" याऐवजी "कणा लांब करा, छाती उघडा" म्हणा. ही सूचना उभ्या मुलालाही लागू पडते आणि बसलेल्यालाही. दिसत नसलेल्या मुलासाठी "असं करा" म्हणून भागत नाही. कुठला हात, कुठे, हे शब्दांत सांगावे लागते. आणि स्पर्श करण्याआधी मुलाला विचारावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची जबाबदारी सांगितलेली आहे, आणि त्यात खेळ व इतर उपक्रमही येतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी यासाठी खर्च काहीच नाही. खुर्ची शाळेत आहे, घरातही आहे.

पालकांनो, आज संध्याकाळी आजी-आजोबांच्या खुर्चीशेजारी मुलाचीही खुर्ची ठेवा आणि दोघांकडून मार्जारासन करून घ्या. शिक्षकांनो, उद्याच्या परिपाठानंतर पाच मिनिटे काढा, आणि नेहमी कडेला बसणाऱ्या त्या मुलाला यावेळी सूचना द्यायला सांगा.