भीमेचें खोरें : नदीस पूर असतां दुष्काळ कां?

“पंढरपुरीं चंद्रभागा दुथडी वाहत असतां दुष्काळाची वर्गणी कशासाठीं?” असा प्रश्न कित्येक देणगीदार सद्गृहस्थ आम्हांस करितात. आक्षेप रास्त आहे. म्हणून या खोऱ्याची रचना आम्ही येथें थोडक्यांत मांडतों.

चंद्रभागा म्हणजे भीमाच. ती सह्याद्रींत भीमाशंकराजवळ उगम पावून सुमारें ५३५ मैल आग्नेयीस वाहते व रायचूरच्या उत्तरेस कृष्णेस मिळते. तिचें खोरें सुमारें २७,००० चौरस मैलांचें आहे. इंद्रायणी, मुळा-मुठा व नीरा या तिच्या मोठ्या उपनद्या घाटमाथ्यावरून येतात; माण व सीना मात्र पूर्वेकडील कोरड्या मुलखांतच उगम पावतात.

पश्चिम समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीस अडून वर चढतात, थंड होतात व तेथेंच रिते होतात. पूर्वेस उतरणारा वारा कोरडा असतो. म्हणून लोणावळ्यास वर्षास १५० इंचांच्या वर पाऊस पडतो. तेथून सुमारें ४० मैलांवरील पुण्यास तो २८ इंचांवर येतो, आणि माणदेश-सांगोल्याकडे २० इंचांच्या आसपास राहतो. तोहि मुख्यतः उत्तरा-हस्ताचा. तीं दोन नक्षत्रें कोरडीं गेलीं कीं शाळूची पेर हुकते, कडबा मिळत नाहीं आणि गुरें बाजाराची वाट धरितात.

सारांश, पंढरपुरास दिसणारा पूर हा घाटमाथ्यावरचा पाऊस होय. पात्र खोल, रान उंच. तें पाणी शेजारच्या शिवारांतहि आपोआप चढत नाहीं. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर १८८५ सालीं नीरेचा डावा कालवा वाहूं लागला. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. कालव्याखालच्या जमिनी बागायती झाल्या, पुढें उपसा योजनांनीं आणखी कांहीं गांवांस पाणी पोंचलें. परंतु उंचावरील पुष्कळ गांवांची भिस्त अजूनहि पावसावरच आहे.

आम्ही स्वतः वकील. स्थळपाहणीवांचून निकाल मागूं नये, हें आमच्या अंगवळणीं पडलें आहे. दुष्काळाची स्थळपाहणी विहिरीच्या तळाशीं करावी लागते. यास्तव व्यापारी मंडळींनीं धान्य व कडबा, जमीनदारांनीं आपल्या विहिरींचें पाणी, आणि सर्वांनीं गांवतळ्यांतील गाळ काढण्यासाठीं द्रव्य द्यावें. तळ्यांत अडलेलें पाणी त्याच गांवाच्या कामीं येतें, आणि गाळाच्या कामावर गरजूंस मजुरीहि मिळते. इतकीच आमची नम्र विनंति.