दंड भरून मोकळी होऊ नकोस

अगं, मैत्रिणींबरोबर टेनेसीला बोनारू संगीत महोत्सवाला चाललीयेस ना? खुशाल जा. तंबूत राहा, घसा बसेपर्यंत गा. ‘नशापाणी करू नकोस’ हे पालुपद आईचं, ते मी नाही आळवणार. मला वेगळं काही सांगायचंय. ते तुझ्या अमेरिकन मैत्रिणींना ठाऊक असायचं कारण नाही, कारण त्यांच्यावर ती वेळच येत नाही.

समजा, तुझ्याकडे थोडा गांजा सापडला. पोलीस लगेच बेड्या घालतीलच असं नाही. बऱ्याचदा हातात सायटेशन ठेवतात. त्यावर नाव, आरोप, कोर्टाची तारीख आणि खाली तुझी सही. दिसायला अगदी पार्किंगच्या दंडाच्या पावतीसारखं. सही केलीस म्हणजे गुन्हा कबूल केलास असं नाही, तारखेला हजर राहायचं कबूल केलंस एवढंच. ती तारीख चुकवलीस तर मात्र वॉरंट निघतं. आणि कागद चिटुकला असला, तरी टेनेसीत गांजा बाळगणं हा फौजदारी गुन्हाच आहे. कमाल शिक्षा ११ महिने २९ दिवस.

मैत्रीण म्हणेल, “दंड भरून टाक, विषय संपला.” तिचा संपतो गं. तू एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर आहेस, तुझा तिथून सुरू होतो. दंड भरणं म्हणजे बहुतेक वेळा गुन्हा कबूल करणं. ‘वर्षभर नीट वागलीस तर नोंद पुसून टाकू’ असंही कोर्ट म्हणेल. पण एकदा कबुली दिली आणि थोडी जरी शिक्षा झाली, की इमिग्रेशनच्या कायद्यात ती दोषसिद्धीच. नोंद पुसली तरी तिथे ती सहसा पुसली जात नाही.

ड्रग्जच्या दोषसिद्धीवरून परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. यातून सूट एकच: स्वतःपुरता, ३० ग्रॅमपर्यंत गांजा, तोही एकदाच. एमडीएमएची एक गोळी त्यात बसत नाही. परीक्षेच्या वेळी कुणीतरी दिलेली अ‍ॅडरॉल या उत्तेजक औषधाची गोळीही नाही. शिवाय ही सूट हाकलण्यापुरती, परत आत येण्यासाठी नव्हे. उद्या दादाच्या लग्नाला घरी आलीस आणि नव्या व्हिसासाठी बीकेसीतल्या कॉन्सुलेटमध्ये उभी राहिलीस, की फॉर्मवर अटकेचा प्रश्न आहे, ड्रग्जचा कायदा मोडलात का हाही आहे. खोटं लिहिलंस तर ते आणखी महागात पडतं. आणि ‘मिशिगनमध्ये गांजा चालतो’ हे कुणाला ऐकवू नकोस. राज्यात चालतं, पण व्हिसा केंद्राच्या हातात, आणि केंद्राला ते चालत नाही.

एक उदाहरण सांगते. मूनेस मेलौली नावाचा ट्युनिशियाचा मुलगा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत आला, पुढे ग्रीन कार्डही मिळालं. त्याच्या मोज्यात अ‍ॅडरॉलच्या चार गोळ्या सापडल्या. त्याने किरकोळ गुन्हा कबूल केला: ड्रग्ज लपवायचं ‘साधन’ बाळगल्याचा. साधन म्हणजे तो मोजा! २०१२ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं. सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण २०१५ मध्ये. मधली वर्षं कोण परत देणार?

म्हणून ऐक. कुणाचंही पाऊच ‘जरा धर’ म्हटलं तरी धरू नकोस. गेटवर सिक्युरिटी बॅग तपासणारच, पण पोलिसाने “बघू का?” विचारलं तर शांतपणे नाही म्हणता येतं. नाव-पत्ता खरा सांग. पुढचं “वकिलाशी बोलून सांगते.” स्पष्टीकरण द्यायला जाऊ नकोस, आपल्याला ती फार खोड आहे. फौजदारी वकिलाने देशाबाहेर काढलं जाण्याच्या धोक्याची कल्पना अशिलाला द्यायलाच हवी, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये पॅडिया खटल्यात सांगितलंय. तरी तू इमिग्रेशनचा वकील वेगळा गाठ, आणि काहीही कबूल करण्याआधी गाठ. प्रकरण किरकोळ आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस: २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या, म्हणजे त्यांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेतल्या, नोंदी अचानक रद्द झाल्या, त्यांत कित्येकांचं प्रकरण अगदी फुटकळ होतं. कोर्टकचेऱ्या झाल्यावर त्या पूर्ववत केल्या गेल्या.

एक मात्र पक्कं. कुणी बेशुद्ध पडलं, तर यातलं काहीही आठवत बसू नकोस. ९११ लाव, मेडिकल तंबूतल्या माणसांना हाक मार, काय घेतलं ते खरं सांग. अशा वेळी मदत मागणाऱ्याला बहुतेक राज्यांत कायदा थोडंफार संरक्षण देतो. नसतं दिलं तरी फोन करायचाच.

आणि काही झालंच, तर आईच्या आधी मला कळव, रात्री दोन वाजता का असेना. वकिलाची फी दंडाच्या कितीतरी पट होईल. ती आपण दोघी मिळून भरू.