हसणारे मन लवकर मोडत नाही



दहावी-बारावीचे वर्ष सुरू झाले, की पुष्कळ घरांतून टीव्हीबरोबर हसणेही बंद होते. 'दात काय काढतोस, अभ्यास कर!' असे दटावणे घरोघरी ऐकू येते. परंतु अपयश पचवून पुन्हा उभे राहण्याची ताकद मुलांना द्यायची असेल, तर त्यांचे हसणे आपण जपले पाहिजे.

संत थॉमस अक्वायनस विद्यार्थी असताना अबोल व धिप्पाड होते. सोबतचे विद्यार्थी त्यांना 'मुका बैल' म्हणत. पुढे याच विद्वानाने 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात विनोदाची बाजू घेतली. शरीर थकते तसे मनही थकते. खेळ आणि विनोद ही मनाची विश्रांती होय, असे ते सांगतात. धनुष्य सतत ताणलेले ठेवले तर मोडते, तसेच मनाचे आहे. मात्र ते मर्यादाही घालतात : विनोद अश्लील किंवा दुखावणारा नसावा, त्यात भान सुटू नये, आणि तो वेळ, स्थळ व माणूस पाहून करावा.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. व्हिक्टर फ्रांकल १९४२ ते १९४५ या काळात नाझी छळछावण्यांत होते. तेथे बांधकामावर राबताना त्यांनी एका सर्जन मित्राला सुचविले : सुटकेनंतर घडू शकेल असा एक तरी गमतीदार प्रसंग आपण रोज रचायचा. साहेब पाहणीला आले, की मुकादम कामाला जुंपण्यासाठी ओरडत असे. फ्रांकल मित्राला म्हणाले, उद्या तू ऑपरेशन करीत असशील आणि मोठे डॉक्टर आल्याची वर्दी वॉर्डबॉय असाच ओरडून देईल! त्या हसण्याने छावणीचे कुंपण तुटले नाही. पण मन दुःखापासून हातभर मागे सरून त्याकडे पाहू शकले. विनोदाचे बळ ते हेच.

सर्वच विनोद असे बळ देत नाहीत. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व सहकाऱ्यांनी २००३ साली विनोदाचे चार प्रकार मांडले : इतरांना जोडणारा, स्वतःला उभारी देणारा, इतरांना बोचणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. संकटातही गंमत पाहून स्वतःला उभारी देणाऱ्यांत चिंता व नैराश्य कमी आढळले. सतत स्वतःचेच हसे करून घेणाऱ्यांत ते अधिक आढळले. म्हणून 'मी तर ढ आहे' असे म्हणत हसणाऱ्या मुलाबरोबर आपण नुसते हसू नये. त्याला जवळ बसवून विचारपूस करावी.

घरी काय करता येईल?

१. रात्रीच्या जेवणाला मार्कांचा विषय नको. दिवसभरात घडलेली एखादी गंमत प्रत्येकाने सांगावी.

२. आपल्या शाळेतील फजितीचे किस्से मुलांना सांगावेत. नापास होऊनही माणूस पुढे जातो, हे त्यांना त्यातून कळते.

३. निकाल लागला त्याच क्षणी विनोद नको. आधी मुलाला रडू द्यावे. हसणे मागाहून येईल.

चिंतनासाठी प्रश्न : गेल्या आठवड्यात आपण मुलांबरोबर किती वेळा हसलो, आणि किती वेळा त्यांना हसलो?