नवपरिचारिकेचे पहिले वर्ष

शिरूरजवळ घोड नदी ओलांडली की पुण्याची हद्द संपते आणि अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, जिल्हा सुरू होतो. तेथून नगरकडे जाताना हमरस्त्यावर पारनेर तालुक्यातील सुपा हे गाव लागते. पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका. अवर्षणाशी त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. सुप्याच्या आसपासच्या पठारावर आता पवनचक्क्या फिरताना दिसतात, औद्योगिक वसाहतीत कारखाने उभे राहिले आहेत आणि रस्त्यावरील वाहतूक रात्रीही थांबत नाही. शेत, कारखाना आणि हमरस्ता या तिन्हींचे रुग्ण अशा गावच्या रुग्णालयाकडे येतात. कोणाला विंचू किंवा साप चावलेला असतो, कोणाचा हात यंत्रात सापडलेला असतो, कोणी ट्रकखालून वाचलेला असतो. आणि बाळंतीण तर कोणत्याही प्रहरी येते. डॉक्टर तपासतात, आदेश लिहितात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. रात्रभर उशाशी उभी असते ती परिचारिका. ती नुकतीच शिक्षण संपवून रुजू झालेली असेल, तर त्या रात्री रुग्णाइतकीच तिचीही परीक्षा असते.

या परीक्षेचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. परिचारिकांची पदे किती, भरली किती, रिक्त किती याची चर्चा ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत होते आणि ती योग्यच आहे. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे साधारण ४३,००० लोकसंख्येमागे एक. त्या मानाने आजची स्थिती पुष्कळ सुधारली आहे. परंतु भरलेल्या पदावर आलेल्या मुलीचे पहिले सहा महिने कसे गेले, हे कोणत्याही तक्त्यात येत नाही. ती या पेशात टिकणार की नाही, आणि तिच्या हातून रुग्ण सुखरूप राहणार की नाही, हे मात्र बहुतांशी त्याच सहा महिन्यांत ठरते.

प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष

परिचर्येच्या शिक्षणाचे तीन मार्ग आहेत. सहायक परिचारिका प्रसाविकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जनरल नर्सिंग व मिडवायफरी ही पदविका तीन वर्षांची आणि बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी चार वर्षांची. पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय लागतात. ही गोष्ट विद्यार्थिनीला दहावीनंतरच सांगणे हे शिक्षकांचे काम आहे. बारावीच्या निकालानंतर सांगून उपयोग नसतो. नगर जिल्ह्यात लोणी येथे प्रवरेच्या संस्थेत, विळद घाटात आणि नगर शहरात बूथ रुग्णालयात असे शिक्षण मिळते. १९९८ साली स्थापन झालेले नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ पदवी देते. नोंदणी मात्र महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे करावी लागते. या नोंदणीची परंपरा मुंबई इलाख्यात १९३५ च्या कायद्यापासून चालत आली असून पुढे १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आला. ज्या संस्थेला परिषदेची मान्यता नाही, तिच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही. जाहिरातींना भुलून अशा ठिकाणी वर्षे आणि पैसा घालवणारी कुटुंबे आजही आढळतात. प्रवेशाआधी मान्यता पडताळून पाहणे हा दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

नोंदणी झाली की कायद्याने ती परिचारिका झाली. घरी जी अजून ‘पोर’ असते तिला वॉर्डात आजोबांच्या वयाचा रुग्ण ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. हाक मारणारा तिची नोकरी किती दिवसांची आहे हे विचारत नाही आणि त्याने विचारूही नये.

अमेरिकेतील परिचर्या-अभ्यासक मार्लिन क्रेमर यांनी १९७४ साली या अवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि तिला ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. शाळेत एका रुग्णाची संपूर्ण शुश्रूषा शिकवली जाते. वॉर्डात वीस रुग्णांची कामे एकाच वेळी समोर येतात. शाळेत प्रत्येक कृतीचे कारण विचारले जाते. वॉर्डात काम केव्हा उरकणार एवढेच विचारले जाते. दहा वर्षांनी, १९८४ मध्ये, पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिका नवशिकेपणापासून निष्णाततेपर्यंत पाच पायऱ्यांनी चढते असे मांडले. नवशिकी नियमावर चालते, कारण अनुभव नसताना नियम हाच तिचा आधार असतो. निष्णात परिचारिका रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहून काहीतरी बिघडते आहे हे ओळखते. ही दुसरी दृष्टी पुस्तकातून येत नाही. अनुभवी परिचारिकेशेजारी उभे राहूनच येते. यास्तव नव्या परिचारिकेला पहिल्याच आठवड्यात एकटीने रात्रपाळी देणे ही काटकसर नव्हे, धोका होय.

रात्रपाळीतील हिशेब

हा धोका कोठे असतो हे काही उदाहरणांवरून कळेल. डॉक्टरांनी लिहिले की एक लिटर सलाईन आठ तासांत द्यावे. नळीचा संच एका मिलिलिटरला २० थेंब देणारा असेल, तर १,००० गुणिले २० म्हणजे २०,००० थेंब, आणि आठ तासांची ४८० मिनिटे. मिनिटाला सुमारे ४२ थेंब. परंतु लहान मुलांसाठी वापरण्याचा संच ६० थेंबांचा असतो. संचाच्या वेष्टनावरील आकडा न पाहता सवयीने थेंब मोजले, तर हिशेब तिपटीने चुकतो. पोटॅशियम क्लोराइडच्या कुप्या काही वेळा शुद्ध पाण्याच्या कुप्यांसारख्याच दिसतात. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यावयाचे औषध आहे. थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडते. म्हणून त्या कुप्या वेगळ्या कप्प्यात, लाल खुणेने ठेवाव्यात. हे काम नवपरिचारिकेच्या स्मरणशक्तीचे नाही. कपाट लावणाऱ्याचे आहे.

सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त गोठते की नाही हे पाहण्याची चाचणी अगदी साधी आहे. दोन मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करून पाहायची. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले असे समजून प्रतिविष द्यावे लागते. नळी मात्र नवी, कोरडी आणि काचेचीच हवी. प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी घेतली, तर निरोगी माणसाचे रक्तही न गोठल्याचा भास होऊ शकतो. प्रतिविष सुरू केल्यावर खाज, पित्त उठणे, धाप लागणे, रक्तदाब घसरणे यांपैकी काही दिसते का, हे पहिल्या तासाभरात कोणीतरी शेजारी उभे राहून पाहावे लागते. ते ‘कोणीतरी’ म्हणजे परिचारिका.

प्रसूती कक्षात झटके आलेल्या मातेला मॅग्नेशियम सल्फेट दिले जाते. पुढची मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहायच्या असतात. गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल होते का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, आणि मागील चार तासांत निदान १०० मिलिलिटर लघवी झाली आहे का. यांतील एक जरी नसले तरी मात्रा थांबवून डॉक्टरांना कळवायचे, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हे उतारऔषध हाताशी ठेवायचे. घड्याळाकडे पाहून औषध देणे आणि रुग्णाकडे पाहून औषध देणे, यांतील अंतर येथे एका जिवाएवढे असते.

नवपरिचारिकेला स्वतःलाही जपावे लागते. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हा नियम प्रत्येकीला पाठ असतो आणि घाईत मोडला जातो. सुई टोचली तर ती लपवू नये. जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवावे. एच.आय.व्ही.चा प्रतिबंधक उपचार शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो. तो २८ दिवस चालतो. हिपॅटायटिस बी लसीच्या तिन्ही मात्रा मुळात रुजू होण्यापूर्वीच झालेल्या असाव्यात.

‘ओव्हर’ आणि विचारणा

पाळी बदलताना जाणारी परिचारिका येणारीला रुग्णांची माहिती देते. वॉर्डाच्या भाषेत याला ‘ओव्हर देणे’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे टेबलाशी उभे राहून, वही पुढे सरकवून उरकले जाते. खाटेशी जाऊन ओव्हर घेतला, तर सलाईनच्या बाटलीत किती उरले, पट्टी ओली आहे का, लघवीची पिशवी रिकामी केली का, हे डोळ्यांनी दिसते. नव्या मुलीने असा आग्रह धरला की जुन्यांना तो आगाऊपणा वाटतो. परिसेविकेने एकदा स्वतः खाटेशी जाऊन ओव्हर घेतला की ही कुरबुर थांबते.

दुसरी अडचण डॉक्टरांना रात्री उठवण्याची. “बाईंना बरं वाटत नाही” असा निरोप गेला, तर “सलाईन चालू ठेवा” असे उत्तर येते आणि दोघांचेही समाधान होते. बाईंचे होत नाही. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आलेली एक पद्धत येथे उपयोगी पडते. आता काय घडते आहे, आधी काय झाले, आपण काय पाहिले आणि काय हवे आहे, हे चार भाग त्याच क्रमाने सांगायचे. “सर, प्रसूती कक्षातून बोलते. दीड तासापूर्वी बाळंत झालेल्या बाईंचा रक्तस्राव वाढला आहे. पहिलीच खेप, बाळंतपण नैसर्गिक. नाडी १२०, रक्तदाब ९० वर ६०, गर्भाशय मऊ लागतं. चोळणं चालू आहे, सलाईन लावलं आहे. आपण लगेच यावं.” एवढे सांगायला अर्धा मिनिटही लागत नाही. फोनवर मिळालेला आदेश मोठ्याने परत म्हणून दाखवावा आणि तेव्हाच लिहून ठेवावा.

हे शिकवता येते. शिकवता न येणारी गोष्ट वेगळी आहे: विचारले तर कोणी अपमान करणार नाही ही खात्री. ‘एवढंही येत नाही का?’ हे वाक्य वॉर्डात, रुग्णाच्या नातेवाइकांसमोर, एकदा ऐकलेली मुलगी पुन्हा विचारीत नाही. ती अंदाजाने काम करते. कुचराई, वेंधळेपणा म्हणून नोंदल्या जाणाऱ्या काही चुकांच्या मुळाशी हे न विचारणे असते. चौकशी अहवालात त्याला रकाना नसतो.

जामखेडचा धडा

याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातीलच, पुष्कळदा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याबद्दल हा प्रकल्प जगभर ओळखला जातो. परंतु आरंभी विचार प्रशिक्षित सहायक परिचारिकांना खेड्यात ठेवण्याचा होता आणि तो साधला नाही, ही बाजू कमी सांगितली जाते. तरुण, बाहेरून आलेल्या, एकट्या मुलींना परक्या गावात राहणे अवघड गेले आणि गावानेही त्यांना आपले मानले नाही. पुढे परिचारिका फिरत्या पथकातून गावोगाव जाऊ लागली आणि तेथील सेविकेची शिक्षिका व पाठराखीण झाली. तीच पात्रता, तेच शिक्षण. एकटीने जे जमले नाही ते सोबत मिळाल्यावर जमले.

निवास आणि सुरक्षितता

पंचायत सदस्यांच्या हाती असलेला भाग येथे येतो. नवपरिचारिकेला वेतनाइतकीच निकड असते ती राहण्याच्या जागेची. दार आतून नीट बंद होते का, पाणी येते का, शौचालय आहे का, निवासापासून रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर दिवा आहे का, या चार गोष्टी सरपंचाने एका संध्याकाळी स्वतः चालत जाऊन पाहिल्या, तर पुष्कळ राजीनामे टळतील. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आणि रुग्ण कल्याण समिती यांच्या बैठकांत असे विषय मांडता येतात.

सुरक्षिततेविषयी महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून शिकावयास हवे होते. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयाच्या आवारातच कर्मचाऱ्याने अत्याचार केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांना सांभाळले ते परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी. आज दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत २०१३ च्या कायद्यान्वये अंतर्गत समिती आवश्यक आहे, आणि रुग्णालयातील हिंसेविरुद्ध राज्याचा २०१० चा अधिनियम आहे. नव्या मुलीला रुजू होताना औषधांच्या कपाटाची किल्ली दिली जाते. त्याच वेळी समितीच्या अध्यक्षांचे नाव, रात्री ज्याला हाक मारायची त्या रखवालदाराचा क्रमांक आणि कपडे बदलण्याच्या खोलीची किल्लीही तिच्या हाती द्यावी, आणि तसे दिल्याची नोंद हजेरीपटाशेजारी ठेवावी.

पहिले तीन महिने ठरावीक अनुभवी परिचारिकेबरोबर एकाच पाळीत काम, आठवड्यातून एकदा परिसेविकेशी अर्धा तास बोलणे, आणि तोवर एकटीने रात्रपाळी नाही: लहान रुग्णालयात मनुष्यबळ अपुरे असताना हे कठीण जाते, हे खरे. परंतु तीन महिने सांभाळलेली परिचारिका पुढे अनेक वर्षे काम देते. न सांभाळलेली वर्षाच्या आत पुण्याची वाट धरते, आणि त्या पदाची जाहिरात पुन्हा काढावी लागते.