बहुविकलांग बालकासह यात्रा : निवासाची पूर्वतयारी

यात्रेला निघण्यापूर्वी भाविक साधारणतः तीन गोष्टींची चौकशी करतात : दर्शनाच्या वेळा, महाप्रसादाची वेळ आणि खोलीचे देणगीमूल्य. ज्या घरात स्वतःहून बसू वा उभे राहू न शकणारे मूल आहे, त्या घराला मात्र निराळेच प्रश्न पडलेले असतात. मुलाला अंघोळ कोठे घालावयाची, त्याचे कपडे कोठे बदलावयाचे, रात्री फेफरे आले तर दवाखाना किती दूर, हे सारे दूरध्वनीवर अनोळखी माणसाला विचारण्याचा संकोच वाटतो आणि पुष्कळदा यात्राच रहित होते. मग आजी-आजोबा जाऊन येतात, भावंडांना मामाबरोबर धाडले जाते. आई आणि ते मूल घरी राहतात. संस्थानच्या कार्यालयात येणाऱ्या पत्रांवरून असे दिसते की, या अडचणी गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, भक्तनिवासाच्या दारात उभ्या राहतात. म्हणून प्रस्तुत लेखात मुख्यतः निवासाचाच विचार केला आहे.

वारकरी परंपरेत संत कूर्मदासांची कथा प्रसिद्ध आहे. पैठणचे हे भक्त हातापायांविना जन्मलेले. पंढरीच्या ओढीने ते गडबडा लोळत निघाले, माढा तालुक्यातील लऊळ येथे त्यांचे शरीर थकले, आणि विठ्ठल स्वतः त्यांना भेटावयास आला, अशी श्रद्धा आहे. कीर्तनात या कथेचा शेवट रंगवून सांगतात. वाटेतल्या मुक्कामांचा भाग मात्र घाईने उरकला जातो. वास्तविक त्या मुक्कामी त्यांच्या अन्नाची सोय होत गेली, असेही कथेतच आहे. यजमानपण सांभाळणाऱ्या आम्हा मंडळींनी तो भाग अधिक लक्षपूर्वक ऐकावा, असे वाटते.

‘आम्ही उचलून नेऊ’ यातील अडचण

आपल्याकडे माणसे मदतीला तत्पर असतात. चाकांची खुर्ची पायरीशी अडली की चार जण धावून येतात. हेतू शुद्ध असतो. तथापि व्यवस्थापनाने त्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असलेल्या मुलांचे स्नायू बहुधा ताठरलेले असतात, आणि अशा अनेक मुलांचे खुब्याचे सांधे जागेवरून सरकलेले असतात. काखेत हात घालून किंवा पाय धरून उचलल्यास त्यांना तीव्र वेदना होऊ शकतात, आणि ज्याला बोलता येत नाही ते मूल ती वेदना सांगूही शकत नाही. चार वर्षांचे मूल आई कडेवर घेऊ शकते. तेच मूल अकरा-बारा वर्षांचे होते, वजन तीस किलोच्या आसपास जाते, आणि दिवसातून दहा-बारा वेळा उचलून त्या माउलीच्या कमरेचे दुखणे कायमचे होते. शिवाय मुलगी मोठी झाल्यावर परक्या हातांनी उचलले जाणे तिलाही नकोसे वाटते. तिला सांगता येत नाही म्हणून तिला वाटत नाही, असे मानू नये.

चौकशी कशी करावी

‘आपल्याकडे अपंगांची सोय आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. याचे उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो, आहे’ असेच मिळते, आणि ते उत्तर देणारा खोटे बोलत असतो असेही नाही. त्याच्या मनात गुडघे दुखणाऱ्या आजोबांसाठी ठेवलेली खोली असते. त्याचप्रमाणे ‘तळमजला’ या शब्दावरही समाधान मानू नये. आपल्याकडील इमारतींना जोते असते, आणि तळमजल्यावर पोहोचण्यासाठी तीन-चार पायऱ्या चढाव्याच लागतात. रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती, असे विचारावे; उंबरठेही त्यात मोजावयास सांगावेत.

उतरंड, म्हणजे रॅम्प, आहे असे सांगितल्यास तिची लांबी विचारावी. मान्य प्रमाण एकास बारा असे आहे. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. तिच्यासाठी अठरा फूट लांबीची उतरंड हवी. पुष्कळ ठिकाणी पाच-सहा फुटांत ती उरकलेली असते. सामानाची हातगाडी चढविण्यास ती उपयोगी पडते, पण मुलासह खुर्ची त्यावरून खाली आणताना एकट्या माणसाचा तोल जाण्याचा धोका असतो. अशा वेळी खुर्ची उलटी फिरवून, मुलाची पाठ उताराकडे ठेवून, सावकाश उतरवावी.

यानंतर दारांची रुंदी. येथे फूटपट्टीला पर्याय नाही. प्रथम घरी आपल्या मुलाची खुर्ची मोजावी : दोन्ही चाकांच्या बाहेरील कड्यांपर्यंतची रुंदी, तसेच पायपट्टीसह लांबी. मग भक्तनिवासातील कर्मचाऱ्याला खोलीचे आणि स्नानगृहाचे दार प्रत्यक्ष मोजून कळविण्याची विनंती करावी. सुगम इमारतींसाठी दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट, आणि खुर्ची वळविण्यास दीड मीटर जागा अपेक्षित असते. जुन्या धर्मशाळांतून खोलीचे दार तेवढे असतेही. स्नानगृहाचे मात्र दोन-अडीच फुटांचेच निघते. त्यातून दार आत उघडणारे असेल, तर खुर्ची आत गेल्यावर ते लावताच येत नाही. हल्ली भ्रमणध्वनीवर छायाचित्र मागविता येते. ते मागवावेच, आणि दारात मोजपट्टी धरून काढावयास सांगावे.

स्नानगृह हा सर्वांत कठीण भाग आहे. बहुतेक पालकांची सहल येथेच फसते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून मोरी खोलगट केलेली असते आणि दाराशी उंबरठा असतो. भारतीय बैठकीचे शौचकूप अशा मुलास निरुपयोगी. कमोड असला तरी शेजारी आधारदांडी नसल्यास, आणि मुलाला मानही सावरता येत नसल्यास, तोही कामाचा नाही. अनुभवी पालक घडीची कमोड खुर्ची आणि आंघोळीसाठी प्लास्टिकची पाठ असलेली खुर्ची सोबत नेतात. ज्यांना तेवढे ओझे शक्य नाही, त्यांनी पलंगावर रबरी चादर अंथरून कोमट पाण्याने अंग पुसून घेण्याची तयारी ठेवावी. गरम पाणी कोणत्या वेळी मिळते, हेही आधी विचारावे. सौर यंत्रणा असेल तेथे पहाटेची गर्दी सरल्यावर पाणी गार झालेले असते, आणि अशा मुलाचे आवरणे पहाटे चारला होत नाही.

लहानमोठ्या इतर गोष्टी आहेत. पलंगाला कठडा नसेल तर एक बाजू भिंतीला लावता येईल का, जमिनीवर अंथरण्यास दोन गाद्या मिळतील का, उद्वाहन असल्यास ते रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्ध्या जिन्यावरून, वीज गेल्यावर ते चालते का, हे विचारून घ्यावे. घशातील स्राव ओढून काढणारे यंत्र वापरावे लागत असेल, तर पर्यायी विजेची चौकशी सर्वांत आधी करावी.

भोजनाविषयी दोन शब्द. गिळण्याचा त्रास असणाऱ्या मुलास महाप्रसादातील भाजी-पोळी चालत नाही. वरण-भात मऊ करून, गाळून द्यावा लागतो. घाईने किंवा आडवे ठेवून भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशा मुलासाठी बिनतिखटाचे वरण वेगळे काढून ठेवण्याची आणि पंगतीऐवजी खोलीत भरविण्याची परवानगी मागावी. नाही म्हणणारा स्वयंपाकघरप्रमुख आमच्या पाहण्यात नाही. मात्र त्याला पंगत बसल्यावर सांगितले तर त्याचाही नाइलाज होतो.

पत्राचा नमुना

दूरध्वनीवर बोलणारा कर्मचारी आणि आपण पोहोचाल त्या दिवशी कामावर असणारा कर्मचारी एकच असेल, असे नाही. म्हणून लेखी पत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी. पुढील मजकूर आपापल्या परिस्थितीनुसार बदलून घ्यावा.

मा. व्यवस्थापक, भक्तनिवास, यांस,
स. न. वि. वि.
आम्ही दोन प्रौढ व दोन मुले दि. … ते दि. … या दोन रात्रींसाठी निवासास येऊ इच्छितो. आमच्या मुलीचे वय ११ वर्षे व वजन २८ किलो असून तिला स्वतः बसता, उभे राहता वा बोलता येत नाही. तिची चाकांची खुर्ची २२ इंच रुंद व ४० इंच लांब आहे. तिला दिवसातून अनेक वेळा आडवे करून कपडे बदलावे लागतात. तरी (१) रस्त्यापासून पायरी नसलेली खोली, (२) किमान २६ इंच रुंदीच्या दाराचे व कमोड असलेले स्नानगृह, (३) खोलीपर्यंत वाहन नेण्याची परवानगी, या तीन गोष्टी उपलब्ध आहेत किंवा कसे, ते कृपया कळवावे. यांपैकी एखादी नसल्यास तसेही स्पष्ट कळवावे, म्हणजे आम्हांस पर्यायी तयारी करता येईल. कळावे.

शेवटून दुसरे वाक्य गाळू नये. ‘नाही’ असे उत्तर आठ दिवस आधी मिळाले तर ते उपकारक असते; तेच रात्री दहा वाजता, थकलेले मूल मांडीवर असताना मिळाले, तर फार जड जाते.

हक्क आणि सवलती

‘अपंग’ या शब्दाच्या जागी आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्दाबरोबर कायदाही बदलला. १९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या २०१६ च्या कायद्याने घेतली व तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या कायद्यातील सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत खाजगी मालकीच्या, परंतु सर्वसामान्य जनता धार्मिक कारणासाठी वापरते अशा इमारतींचाही समावेश आहे. हे विश्वस्त मंडळींनी आवर्जून लक्षात घ्यावे. सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे असू नयेत, ते बंधनकारक असावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. असे असले तरी, पालकांनी मुलाला मांडीवर घेऊन स्वागतकक्षात कायद्याचे कलम वाचून दाखविण्याची वेळ येऊ नये.

सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. केंद्र शासनाचे वैश्विक ओळखपत्र काढलेले नसल्यास काढून घ्यावे आणि मूळ प्रत व छायाप्रत दोन्ही सोबत ठेवाव्यात. रेल्वेत, सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशास व त्याच्या एका सोबत्यास शयनयान वर्गात तसेच वातानुकूलित तिसऱ्या वर्गात ७५ टक्के, तर वातानुकूलित पहिल्या व दुसऱ्या वर्गात ५० टक्के सवलत मिळते. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांचे प्रमाण निराळे आहे. त्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र छायाचित्र-ओळखपत्र काढून ठेवल्यास आरक्षण घरबसल्या करता येते. अनेक गाड्यांना टोकाला दिव्यांगांसाठी डबा असतो. त्याचे दार व शौचालय रुंद असते. परंतु तो फलाटाच्या अगदी टोकाला येत असल्याने हमालाला आधीच सांगून ठेवावे. शक्यतो गाडी जेथून सुटते त्याच स्थानकावर चढावे. मधल्या स्थानकावर दोन मिनिटांच्या थांब्यात मूल, खुर्ची आणि सामान चढविणे जिवावरचे काम आहे.

कोठे व केव्हा

सर्वच क्षेत्रे सारखी नाहीत. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीस सुमारे तीनशे पायऱ्या आहेत आणि जेजुरी गडासही शेकडो. तेथे खुर्ची नेण्याचा विचार सोडून पायथ्याशी मुक्काम व शिखरदर्शन, असा बेत ठेवणे बरे. ओझर, रांजणगाव, थेऊर ही स्थाने तुलनेने सपाटीवर आहेत. सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली झाली आहे. तरी ट्रॉलीच्या दोन्ही टोकांपासून पुढे किती पायऱ्या उरतात, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. पंढरपुरी चंद्रभागेच्या वाळवंटात चाके रुततात आणि घाट पायऱ्यांचे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

वेळेच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे. एकादशी, संकष्टी, गुरुपौर्णिमा, तसेच शाळांना लागून येणाऱ्या सुट्ट्यांचे दिवस टाळावेत. कोणताही देव मंगळवारी दुपारी तीन वाजता कमी पावत नाही. गर्दी नसलेल्या दिवशी पुजारी, सेवेकरी आणि रखवालदार, सर्वांनाच सवड असते. मूल जयघोषाने दचकत असेल तर त्याला थोडा वेळ सभामंडपात बसवून आवाजाची सवय करता येते. कित्येक मुलांना घंटेचा नाद फार आवडतो, असे पालक सांगतात. फेफऱ्याची औषधे चालू असलेल्या मुलाला रांगेत उपाशी ठेवू नये व औषधाची वेळ चुकवू नये; अशा मुलाला उपवास नाही.

पोहोचल्यावर

खोलीचा ताबा घेताना सामान उतरविण्याआधी एका मोठ्या माणसाने रिकामी खुर्ची घेऊन रस्त्यापासून स्नानगृहापर्यंत जाऊन पाहावे. अडथळा निघाल्यास पावती होण्यापूर्वीच खोली बदलून मागावी. जवळचा चोवीस तास उघडा असणारा दवाखाना कोणता व रात्री वाहन कोण देईल, हे रखवालदाराकडून लिहून घ्यावे. वापरलेली लंगोटपटले वर्तमानपत्रात गुंडाळून कोठे टाकावयाची तेही विचारावे. शौचकुपात टाकल्यास संपूर्ण मजल्याची व्यवस्था तुंबते. परतीच्या दिवशी खोली सोडण्याच्या वेळेत दोन तासांची सूट हवी असल्यास ती आदल्या सायंकाळी कार्यालयात मागावी, सकाळी नव्हे. सकाळी त्याच खोलीसाठी पुढचे कुटुंब बाकावर येऊन बसलेले असते.