कोट, टी-शर्ट आणि केळीचा चीक

पहिली चूक कोटाची. मे महिना, मुलाखत धुळ्याला, आणि मी मावसभावाच्या लग्नात शिवलेला काळा कोट अंगात चढवून जळगावच्या स्टँडवर लालपरीत बसलो. आई म्हणाली होती, "अरे, हातात घे, तिथं गेल्यावर घाल." पण सुरकुत्या पडतील ना! एरंडोलला बनियन भिजलं, पारोळ्याला सदरा पाठीला चिकटला, धुळ्याला उतरलो तेव्हा टायचा रंग कॉलरला लागला होता. समोरचे तिघे साध्या सुती सदऱ्यांत. त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी घेता का?" नोकरी कोटामुळे गेली असं म्हणणार नाही, दोन उत्तरं मला येतच नव्हती. पण आठवायच्या वेळी माझं सगळं लक्ष कानामागून ओघळणाऱ्या घामाकडे होतं.

पुढे जळगावात एका सरकारी कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागलो आणि धडा नेमका उलटा घेतला. उन्हाचं निमित्त करून जीन्स आणि छातीवर भलीमोठी इंग्रजी अक्षरं असलेला टी-शर्ट. एका दुपारी चोपड्याकडचे एक बाबा टेबलापाशी आले. धोतर, टोपी, उपरणं, सगळं पांढरं स्वच्छ. जिल्ह्याला जायचं म्हणून ठेवणीतलं काढलेलं. म्हणाले, "भाऊ, सायेब कव्हय येतीन?" पाऊण तास ते समोरच्या बाकावर माझ्याकडे बघत बसले होते. काम माझ्याकडेच होतं, पण कुणाचा तरी पोरगा येऊन कॉम्प्युटरवर खेळतोय असं त्यांना वाटलं. शिपायाने सांगितलं तेव्हा कुठे कागद पुढे केला, तोही जरा बिचकतच. साहेबांनी मला दोनदा टोकलं होतं, ते मनावर घेतलं नव्हतं. हे लागलं.

त्यानंतर 8 डिसेंबर 2020 चं सामान्य प्रशासन विभागाचं परिपत्रक आलं: जीन्स, टी-शर्ट, स्लिपर बंद, भडक रंग आणि चित्रविचित्र नक्षी नको, शुक्रवारी खादी, आणि हे कंत्राटी माणसांनाही लागू. मार्च 2021 मध्ये जीन्स सुटली, टी-शर्ट अडकलेलाच राहिला. कार्यालयात थट्टा खूप झाली. मी गप्प होतो.

आता नव्याने लागणाऱ्या पोरांना सांगतो ते एवढंच. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. टेरिकॉट चकाकतं खरं, पण दुपारी बारानंतर वास मारतं. फिका सुती सदरा, आत बनियन, गडद पँट. गाडीवर येत असाल तर सदरा पिशवीत घडी करून आणा आणि कार्यालयात बदला. कपाटात एक जास्तीचा असू द्या. आमच्या आस्थापना शाखेतल्या ताई उन्हाळाभर सुती कुर्ता घालून नाहीतर सुती साडी नेसून येतात, ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना. पंख्याच्या वाऱ्याने फायलींवर लोळणारी ओढणी त्यांना खपत नाही.

आणि यावल-रावेरच्या भावांनो, सकाळी मळ्यात चक्कर मारून तसंच कार्यालय गाठू नका. केळीचा चीक सदऱ्यावर पडला की आधी दिसत नाही, वाळल्यावर काळा पडतो आणि कुठल्याच साबणाला जात नाही. माझे दोन पांढरे सदरे त्यात गेले.

खादीचंही ऐका. आमच्याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला 1936 साली काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हापासून खादीच्या गोष्टी आम्ही ऐकत आलो. ती आटते हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. पहिल्या धुण्यानंतर माझ्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या. म्हणून कापड आधी पाण्यातून काढा, मग शिवायला टाका, आणि इस्त्री दमट असतानाच करा.

पहिला पगार झाला की तीन सुती सदरे शिवून घ्या. मोबाईल पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल.