सांडशी ओढून घेऊ नकोस

चिऊ,

तुला समुपदेशनाच्या खोलीच्या किल्ल्या मिळाल्याचं ताईनं कळवलं. पडद्याचा रंग कोणता घेऊ, एवढंच तू मला विचारलंस. बाकीचं न विचारता सांगतेय, मावशी असण्याचा तेवढा हक्क आहे. तीसेक वर्षं मराठीत आणि इंग्रजीत माणसांचं ऐकलं आणि त्यात करता येतील तेवढ्या चुका करून ठेवल्या. तुला नव्या शोधाव्या लागतील. 'ट्रॉमा' हा शब्द आपल्याकडे पुष्कळांना हायवेवरच्या ट्रॉमा केअर सेंटरच्या पाटीवरून माहीत असतो. तुझ्याकडे येणाऱ्यांचं रक्त दिसणार नाही, आणि गोंधळ होतो तो तिथेच.

१. खुर्च्या अशा मांड की समोरच्याला दार दिसेल, आणि उठून जायचं झालं तर तुझ्या गुडघ्यांना वळसा घालावा लागणार नाही — ज्याला कधी कोंडलं गेलंय तो आधी दार जोखतो, मग तुला.

२. आतून कडी लावू नकोस, नुसतं लोटून घे, आणि लोटण्याआधी तसं सांग — काही जणांना कडीचा आवाज वीस वर्षं मागे नेतो.

३. उदबत्ती नको, अत्तर नको, आणि तुझं ते मोगऱ्याचं तेल रविवारी लाव — वास आत येताना परवानगी विचारत नाही. एक बाई माझ्या उंबऱ्यावरूनच परत गेल्या होत्या. बऱ्याच महिन्यांनी कळलं, मी लावलेला धूप आणि त्यांच्या त्या घरातला धूप एकच होता.

४. शेजारच्या कुकरची शिट्टी, लिफ्टचं धाडकन लागणारं दार, जे आवाज व्हायचेच आहेत ते आधी सांगून ठेव — माहीत असलेला आवाज अर्धाच दचकवतो.

५. टिश्यूचा डबा हाताशी असू दे, पुढे करू नकोस — पुढे केलेला डबा 'आता पुरे' म्हणतो.

६. गार पाण्यानं भरलेलं स्टीलचं फुलपात्र ठेव — बोलता बोलता नजर भिंतीपलीकडे गेली, आवाज पोकळ झाला, की ते दोन्ही हातांत धरायला सांग. गार धातू तळहाताला आजची तारीख सांगतो. पुस्तकात याला ग्राउंडिंग म्हणतात. आपली आजी गरगरलं की उंबऱ्याला हात टेकून बसायची, तिनं त्याला काही नाव दिलं नव्हतं.

७. 'डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या' हे सरसकट सगळ्यांना नको — काहींचा सिनेमा डोळे मिटल्यावरच सुरू होतो. पाय फरशीला टेकवू देत, आणि खोलीतल्या निळ्या वस्तू मोजू देत, डोळे उघडे ठेवून.

खोली झाली. आता भाषा. पाटीवर तू 'मराठी व इंग्रजी' लिहिणार आहेस आणि तुला वाटतंय ती येणाऱ्यांची सोय आहे. मलाही तसंच वाटायचं.

८. कोणत्या भाषेत बोलायचं ते समोरच्यानं ठरवायचं, मधेच बदलली तर तीही त्यानंच — हे मला एका मुलीनं शिकवलं. घरी मराठी, शाळा मराठी, पण लहानपणीचं ते सगळं ती इंग्रजीत सांगायची. मी लाडानं म्हटलं, "अगं मराठीत बोल ना, आपल्याच माणसांत आहेस." ती गप्प झाली आणि पुढचे तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा म्हणाली, "'काका' म्हटलं की मला त्याचा आवाज ऐकू येतो. 'अंकल' म्हटलं की नाही येत." पातेलं उकळतं होतं, ती ते सांडशीनं उचलत होती, आणि मी शहाणीनं सांडशीच ओढून घेतली.

९. कुणी इंग्रजीत सांगू लागलं तर 'भाव खातेय' असं मनातही आणू नकोस — आईच्या भाषेतले शब्द अंगालाच लागतात. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांवरचा एक अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी ऐकलेली रागावणी तुर्कीत ऐकवली की त्यांच्या त्वचेवरचा घामाचा प्रतिसाद जास्त उमटायचा, तीच इंग्रजीत ऐकवली की कमी. घाम खोटं बोलत नाही.

१०. आपल्या धंद्याची सुरुवातच अशा एका सांडशीनं झालीय, हे विसरू नकोस — व्हिएन्नात १८८०च्या सुमारास डॉ. ब्रॉयरनी उपचार केलेली, पुस्तकात 'अ‍ॅना ओ.' म्हणून गाजलेली बेर्टा पापेनहाइम आजारात आपली जर्मन हरवून बसली आणि काही काळ इंग्रजीतच बोलायची. 'टॉकिंग क्युअर' हे नाव तिनंच दिलं, तेही इंग्रजीत. डॉक्टरांनी 'आधी नीट जर्मन बोल' असं म्हटलं असतं, तर तू आज इंटिरिअर डेकोरेटर असतीस. पडद्याची एवढी काळजी बघता वाईट झालं नसतं.

११. पण इंग्रजी वाक्यात मधेच एखादा मराठी शब्द पडला, 'आय फेल्ट असं पोरकं', तर तो शब्द सोडू नकोस आणि त्याचं भाषांतरही करू नकोस, हलक्या आवाजात तेवढाच परत म्हण — वाक्य सांडशीनं धरलेलं असतं, तो एक शब्द हातानं.

१२. त्यांचे शब्द त्यांच्याजवळ राहू देत: पोटात गोळा, काळजात धस्स, जीव घाबरा, हातपाय गळाले — प्रत्येक शब्द शरीरातल्या एका जागेवर बोट ठेवतो. 'अ‍ॅन्झायटी' म्हटलंस की ते बोट उचललं जातं.

१३. 'तुला काय झालंय?' असं विचारू नकोस, 'तुझ्यासोबत काय घडलं?' असं विचार — पहिल्यात खोट माणसात शोधली जाते, दुसऱ्यात घटनेत.

१४. 'का'नं सुरू होणारा प्रश्न घशातच राहू दे: का गेलीस, का बोलली नाहीस, का सहन केलंस — आपल्याकडे 'का' हा प्रश्न नसतो, कान पिळणं असतं. 'तेव्हा काय करणं शक्य होतं?' असं विचारलं की माणूस खरंच आठवू लागतो.

१५. मराठीचं व्याकरण तुझ्या बाजूचं आहे, ते वापर — आपण 'मला भीती वाटते', 'मला रडू येतं' म्हणतो. भीती येते ती पाहुणी, यजमान मी. इंग्रजीत 'आय अ‍ॅम' म्हणून स्वतःच भीती होऊन बसलेल्या एका मुलाला मी हा फरक दाखवला, तर तो हसला. पहिल्यांदाच हसला होता.

१६. 'तू' म्हणू की 'तुम्ही' हे विचारून घे, समोर कॉलेजातली पोर असली तरी — इंग्रजीतला 'यू' ही अडचण लपवतो, मराठीत ती पहिल्याच वाक्यात उघडी पडते. काहींना 'तुम्ही' म्हणणारं मोठं माणूस कधी भेटलेलंच नसतं.

१७. घरच्या माणसाला दुभाषी करू नकोस, मुलांना तर नाहीच — आजीचं दुःख दहा वर्षांच्या पोराच्या तोंडून काढलंस की दोघांनाही ते वाहावं लागतं. कानडी, तेलुगू लागली तर बाहेरचा दुभाषी शोध, आणि बघ मात्र बोलणाऱ्याकडे, दुभाष्याकडे नाही.

१८. ऑनलाइन सेशनला आधी विचार, घरात कोण आहे आणि त्यांना कोणती भाषा कळते — न्यू जर्सीतल्या एकीला ऑफिसात मराठी म्हणजे भिंत होती, पण सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आणि घरात त्याच भिंतीला कान फुटले. आम्ही खूण ठरवली होती. ती 'डाळ भिजवायची राहिली' म्हणाली की मी हवापाण्यावर यायची.

आता घाईबद्दल. तू लहानपणी जखमेची खपली काढायचीस म्हणून हे जरा सविस्तर.

१९. आधी छप्पर, मग मन — ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. मी नुकती शिकून बाहेर पडलेली, वही घेऊन तिकडे गेले. पडक्या घरासमोर बसलेल्या एका आजीला विचारलं, "आजी, मनात काय येतंय?" ती म्हणाली, "आदी पत्र्याचं बघ की माय, मग मनाचं बघू." मी वही मिटली आणि पत्र्याच्या यादीत तिचं नाव चढलंय का ते बघायला गेले. सुरक्षितता पहिली, आठवण आणि शोक त्यानंतर, पुन्हा माणसांत येणं त्याच्याही नंतर, असं ज्युडिथ हर्मननं १९९२च्या पुस्तकात मांडलंय. मी ते फार उशिरा वाचलं. आजीनं मला त्यातला पहिला भाग उन्हात उभं राहून शिकवला होता.

२०. सगळं सांगितल्यानंच बरं वाटतं असं नाही, कुणाला ते कधीच सांगायचं नसतं, आणि तरीही ती माणसं बरी होतात — गाठोडं ज्याचं, गाठ त्यानंच सोडायची. आपण फक्त सतरंजी अंथरायची.

२१. शेवटची दहा मिनिटं नवं काही उघडू नकोस. कशानं जाणार, रिक्षा की बस, घरी भाजी काय, असं बोल — समोरच्याला अजून रस्ता ओलांडायचाय.

२२. वर्षश्राद्धासारखी दुःखंही परत येतात, तेव्हा तारीख आणि तिथी दोन्ही लिहून ठेव — इंग्रजी कॅलेंडरवर काहीच नसतं आणि माणूस अनंत चतुर्दशीच्या रात्री जागाच असतो. किल्लारीची कितीतरी माणसं अशी जागी असलेली मी पाहिलीत. शरीर 'कालनिर्णय' न बघताही तिथी पाळतं.

२३. 'बाहेरचं झालंय' म्हणत कुणी आलं तर हसू नकोस, मानही डोलावू नकोस, ते कधीपासून आणि त्या आठवड्यात घरात काय घडलं होतं ते विचार — त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या शब्दात ते सांगायची मुभाच नव्हती. मारहाण, चटके चालू असतील तर मात्र २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तिथे गोड बोलत बसू नकोस.

२४. 'काहीही सांग, कुणाला कळणार नाही' हे वचन देऊ नकोस — गुप्तता हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे, पण त्याला अपवादही आहेत. लहान मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर २०१२च्या पॉक्सोप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. पहिल्याच दिवशी साध्या मराठीत सांग. मी एकदा नंतर सांगितलं होतं, त्या मुलाची नजर अजून आठवते.

२५. जीव द्यावासा वाटतो का, हे आडवळणानं नाही, सरळ विचार — विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, विचारलं नाही तर मात्र माणूस त्याच्यासोबत एकटा राहतो. टेली मानसचा १४४१६ हा नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लाव, रात्री तू झोपलेली असशील.

२६. तुझ्याकडे येणारी कुणी लग्नात, हळदीकुंकवात भेटली तर ओळख तिनं दाखवायची, तू नाही — 'ही कोण गं?' या प्रश्नाचं उत्तर तिच्याजवळ तयार असतंच असं नाही. तेवढा वेळ तू जिलेबीकडे बघ.

२७. पाटीवर 'समुपदेशन' लिहिशील तेव्हा त्यात लपलेला 'उपदेश' लक्षात ठेव — 'विसरून जा', 'सोडून दे', 'जे झालं ते चांगल्यासाठी', हे सगळं ती घरी ऐकूनच तुझ्याकडे आलीय, आणि घरी ते फुकट मिळतं.

२८. दिवसाला पाचच्या वर माणसं घेऊ नकोस, आणि दोघांच्या मधे गच्चीवर जाऊन ये — ऐकलेलंही अंगात साठतं. मी एका पावसाळ्यात आठ-आठ घेत होते. श्रावणात मलाच कडीच्या आवाजाचा त्रास होऊ लागला.

२९. तुझ्याहून अनुभवी कुणापाशी महिन्यातून एकदा जाऊन बस, फी देऊन. मावशीला फुकटात फोन करून नाही — मावशी तुझीच बाजू घेणार.

पडदा फिका घे, पण इतका पातळ नको की बाहेरून सावली दिसेल. मी अजूनही दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी माझ्या सुपरव्हिजनला जाते. त्या दिवशी चार ते सहा फोन करू नकोस, बंद असतो.